भुलीचं ठिबक

कंदर, केतूरच्या पट्ट्यात ठिबक म्हणजे काय, हे कुणाला शिकवायला नको. उजनी शंभर टक्के भरली तरी केळीला तासाला किती पाणी सोडायचं, याचा हिशेब असतोच. आता समजा, असंच एक ठिबक तुमच्या आजोबांच्या हाताला लावलंय. पाण्याऐवजी त्यात भुलीचं औषध आहे.

आजोबांना प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी पुण्याला नेलंय. ऑपरेशन रोबोटिक आहे. घाबरू नका, रोबो आपल्या मनाने काही करत नाही. त्याचे हात कन्सोलवर बसलेले सर्जनच चालवतात. कसोटी असते ती भूलतज्ज्ञांची. पोटात कार्बन डायऑक्साइड भरलेला, टेबल कललेलं, डोकं खाली अन् पाय वर, तेही काही तास! डोळ्यांवरचा दाब वाढतो, चेहरा सुजू शकतो. त्यात रोबोचे हात पोटात असताना पेशंट हलला, तर आत इजा होऊ शकते. म्हणून स्नायू सैल करणारं औषध वेगळं देतात आणि झोपेचं औषध पंपातून, वजन अन् तासाच्या हिशेबाने सोडतात.

त्यातली दोन नावं लक्षात ठेवा. पहिलं प्रोपोफॉल. दुधासारखं पांढरं. झोप झटकन येते, बंद केलं की जागही लवकर येते. पण बीपी उतरतं, श्वास मंदावतो. दुसरं डेक्समेडेटोमिडीन. याची झोप नैसर्गिक झोपेच्या जवळची. श्वास फारसा दबत नाही, वेदनाशामकं कमी लागतात, जागं होताना धडपड कमी होते. पण नाडी मंदावते आणि गुंगी रेंगाळू शकते. एकट्याने ते पूर्ण भूल देत नाही, म्हणून बऱ्याचदा जोडीला वापरतात.

मग भारी कुठलं? ते आजोबांवर अवलंबून. नाडी आधीच संथ असेल तर दुसरं जपून द्यावं लागतं. हृदय अशक्त असेल तर पहिलं.

इथे तुमचं काम सुरू होतं. ऑपरेशनआधीच्या तपासणीत भूलतज्ज्ञ विचारतील, तेव्हा आजोबा हमखास म्हणणार, "मला काय झालंय? काही नाही." तंबाखू, दारू, रात्रीचं घोरणं, बीपीची गोळी, सगळं गिळून टाकतील. काही बीपीच्या गोळ्या नाडी मंदावतात, हे त्यांना कुठून माहीत असणार?

तेव्हा तुम्ही सोबत जा. गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, अन् आजोबा डोळे वटारतील तरी खरं सांगा. ठिबक किती सोडायचं, हे त्यावरच ठरतं.