कराटेच्या वर्गातील नमस्कार आणि आपला स्वाभिमान

आपल्या समाजातील मुले-मुली कराटे शिकू लागली ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु आमच्या दिवेआगरसारख्या गावात बौद्धवाडीतील वडीलधाऱ्यांना एक गोष्ट खटकते. वर्गात शिरताना वाकायचे, सरांसमोर वाकायचे, जोडीदारासमोरही वाकायचे! ज्या समाजाने कमरेत वाकून 'जोहार मायबाप' म्हणणे मोठ्या कष्टाने सोडले, त्याच्या पोरांनी पुन्हा वाकायला का शिकावे? प्रश्न रास्त आहे, तो हसण्यावारी नेऊ नये.

जपानी भाषेत या नमस्काराला 'रेई' म्हणतात. वर्गाच्या आरंभी सारे गुडघे मोडून बसतात, डोळे मिटून श्वास शांत करतात आणि मग शिक्षक व विद्यार्थी एकमेकांना वंदन करतात. 'एकमेकांना' हा शब्द महत्त्वाचा. शिक्षकही वाकतो. लढतीच्या आधी आणि नंतर दोघेही वाकतात, जिंकणाराही आणि हरणाराही. कोकणातला खोत आपल्या आजोबांना कधी उलट जोहार घालीत होता काय? बाबू हरदास एल. एन. यांनी रूढ केलेल्या 'जयभीम'ला 'जयभीम' हेच उत्तर मिळते. रेईची जात जयभीमची आहे, जोहारची नाही.

ओकिनावा बेटावरील शाळामास्तर गिचिन फुनाकोशी (१८६८-१९५७) यांनी १९२२ साली ही विद्या टोकियोत नेली. त्यांनी शिष्यांसाठी वीस नियम घालून दिले. त्यांत पहिला नमस्काराचा आणि दुसरा आपण होऊन पहिला हात न उगारण्याचा आहे. म्हणून वर्गात शिकलेले डाव वाडीतल्या पोरांवर वापरणारा मुलगा कराटे शिकलेलाच नाही, असे मी समजतो.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक नसावी. कराटेच्या वर्गाला 'डोजो' म्हणतात. हा शब्द बौद्ध परंपरेतून आला आहे. 'बोधिमंड', म्हणजे तथागतांना जेथे बोधी प्राप्त झाली ती बोधिवृक्षाखालची जागा, या शब्दाचे चिनी भाषांतर जपानात 'डोजो' म्हणून रुळले. तेव्हा चपला बाहेर ओळीत ठेवून आत शिरणे हे आपल्या पोरांना परके वाटू नये. विहारात आपण तेच करतो.

रांग लावताना पट्ट्याचा क्रम पाहतात. वरचा पट्टा पुढे, पांढरा मागे. तेथे आडनाव विचारण्याचे कारण नाही. मात्र आपण डोळे उघडे ठेवावेत. जपानी डोजोत सराव संपल्यावर विद्यार्थीच जमीन पुसतात, त्यात जुने-नवे सारे असतात. ही रीत उत्तम आहे. पण आपल्या देशात झाडू कोणाच्या हाती दिला गेला हा इतिहास आहे. झाडू पाळीपाळीने सर्वांच्या हाती येत असेल तर आपल्या मुलानेही आनंदाने झाडावे. रोज त्याच्याच वाट्याला येत असेल तर पालकांनी सरांना भेटून, आवाज न चढवता, पाळी लावून मागावी. त्याच जिल्ह्यात महाडला १९२७ साली आपल्या माणसांनी पाण्याचा हक्क बजावला, तेथे एवढे विचारायला भिण्याचे कारण नाही.

काही ठिकाणी वर्गाच्या आरंभी देवाच्या तसबिरीची पूजा होते. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे आहोत. कराटेच्या शिस्तीत पूजा येत नाही. मुलाने शांत उभे राहावे आणि ते चालेल ना, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावे.

मुलींच्या बाबतीत जास्त जागरूक राहावे. पवित्रा सुधारताना शिक्षकाला हात लावावा लागतो. चांगला शिक्षक आधी सांगतो आणि सर्वांदेखत लावतो. सराव पाहायला आई येऊन बसली तर त्याला राग येत नाही. पालकांनी येऊ नये असा हट्ट धरणाऱ्याकडे, किंवा पोरांकडून पाय चेपून घेणाऱ्याकडे, मुले पाठवू नयेत. शिवीगाळ ही शिस्त नव्हे.

घरची कामे थोडीच आहेत. नखे कापलेली असावीत, नाहीतर जोडीदाराला ओरखडे येतात. अंगठी, साखळी, कानातले काढून ठेवावे. पांढरा गणवेश एकच असला तरी चालतो, पण सरावाच्या आदल्या दिवशी धुवावा. आमच्याकडे पावसाळ्यात तो लवकर वाळत नाही, म्हणून दोन दिवस आधी धुतलेला बरा.