खुराड्याचे सांधे बंद, झरोके खुले

परसातील खुराडे बहुधा घरीच, हाताशी असलेल्या फळ्या, बांबू व पत्रे वापरून उभे केले जाते. त्याचा कमकुवतपणा भिंतींपेक्षा सांध्यांत अधिक असतो. फळ्यांमधील फटींतून पावसाची झड आत शिरते, तूस ओले होते आणि ओल्या तुसात कॉक्सिडिओसिस अर्थात रक्ती हगवणीचा प्रादुर्भाव बळावतो.

दिल्लीलगतच्या गाझियाबादचे हवामान या दृष्टीने बोलके आहे. तेथे मे-जूनमध्ये तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, जुलै ते सप्टेंबर पावसाळा असतो आणि डिसेंबर-जानेवारीत दाट धुक्यासह पारा ५ अंशांपर्यंतही उतरतो. विदर्भाचा उन्हाळा व निफाडची थंडी एकाच खुराड्याने सोसावी, असा हा प्रकार होय. तिन्ही ऋतूंना उपयोगी पडणारा सोपा उपाय म्हणजे बाहेरून सांधेपट्टी बसविणे.

हे काम पावसाळ्यापूर्वी, लाकूड पूर्ण वाळलेले असताना करावे. ओले लाकूड झाकल्यास आतून कुजते. उभ्या सांध्यांवर व कोपऱ्यांवर सुमारे २ इंच रुंदीच्या पट्ट्या गंज न धरणाऱ्या खिळ्यांनी ठोकाव्यात. जाळीच्या कडा पट्टीखाली दाबून घ्याव्यात, म्हणजे मुंगूस व उंदरांनाही अटकाव होतो. दाराच्या वरील पट्टीस बाहेरच्या बाजूस उतार द्यावा आणि तिच्या खालच्या अंगास खोबण पाडावी. त्यामुळे पाणी आत न ओघळता तेथेच तुटून पडते. छप्पर व भिंत यांच्या सांध्यावर वाकविलेला जस्ती पत्रा बसवावा. पट्ट्यांच्या कापलेल्या टोकांना जवसाचे तेल अवश्य लावावे, कारण लाकूड टोकाकडूनच अधिक पाणी शोषते. कोकणासारख्या अतिपावसाच्या भागात वळचण सुमारे ३ फूट पुढे काढावी.

मात्र सांधे बुजविणे म्हणजे खुराडे कोंडणे नव्हे. थंडीच्या भीतीने चारही बाजू प्लास्टिकने झाकल्यास श्वासातील बाष्प व विष्ठेतील अमोनिया आतच साठतो. डोळे चुरचुरतात, श्वसनाचे विकार वाढतात. कोरड्या जागेतील प्रौढ कोंबडी थंडी बऱ्यापैकी सहन करते. ओल व अंगावर येणारा झोत मात्र तिला बाधतो. म्हणून भिंतीचा खालचा भाग घट्ट असावा आणि छपराखालील सुमारे १ फूट जाळी बाराही महिने मोकळी राहावी. पडदा खालच्या कडेस बांधून वरून उघडेल असा लावावा. पिलांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश ऊब लागते. ती दिव्याच्या साहाय्याने स्वतंत्रपणे पुरवावी.

काम झाल्यावर भिंतींवर पाणी ओतून गळती तपासावी. पुढे दर आठवड्यास मूठभर तूस दाबून पाहावे. मूठ उघडताच ते मोकळे झाले तर खुराडे कोरडे आहे. गोळा टिकला तर आधी गळती शोधावी, तूस बदलावे आणि वरचे झरोके मोकळे आहेत याची खात्री करावी.