हळदीकुंकवाचे डाग आणि चैत्रातले पाणी

गुढीपाडव्याची पहाट उजाडली म्हणजे शहापूर-मुरबाडकडच्या घराघरांतून लगबग सुरू होते. अंगण सारवून होते, वेळूच्या काठीला नवे लुगडे किंवा पेटीतले भरजरी वस्त्र बांधले जाते, कडुलिंबाची डहाळी, साखरेच्या गाठी आणि फुलांचा हार चढतो, त्यावर तांब्या पालथा बसतो. दोन दिवसांनी चैत्रगौर बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत हळदीकुंकवाची बोलावणी येतच असतात. वाटली डाळ, कैरीचे पन्हे, भिजवलेले हरभरे, अत्तर आणि गुलाबपाणी! हा सोहळा आटोपून गृहिणी घरी परतते, तेव्हा पदरावरचा पिवळा ठिपका किंवा निऱ्यांवरचा तेलाचा ओघळ तिच्या ध्यानात येतो आणि ती तडक मोरीकडे वळते.

नेमक्या याच दिवसांत या मुलखात पाण्याची ओढ सुरू झालेली असते. भातसा धरणाच्या कुशीत वसलेले भातसानगर घ्या. येथले पाणी नदीपात्रातून पिसे येथपर्यंत वाहत जाते, पांजरापूरच्या केंद्रात शुद्ध होते आणि मुंबईची जवळजवळ निम्मी तहान भागवते. तानसाही याच शहापूर तालुक्यात. १८९२ पासून तिचे पाणी मुंबईस जात आहे. तरीही तालुक्यातील कित्येक पाड्यांवरच्या भगिनी चैत्र-वैशाखात डोक्यावर हंडे घेऊन पायपीट करतात किंवा टँकरची वाट पाहतात. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. अशा घरी एका डागापायी चार बादल्या पाणी ओतणे कोणाला परवडेल? म्हणून डाग काढण्याची विद्या ही केवळ टापटिपीची बाब नव्हे. ती पाणी राखण्याची विद्या आहे.

रंगाऱ्याचे शास्त्र उलटे चालवा

डाग म्हणजे तरी काय? न बोलावता कापडावर चढलेला रंग! रंगारी कापडावर रंग पक्का करतो तो तीन गोष्टींच्या बळावर: उष्णता, वेळ, आणि तुरटी किंवा हिरडा यांसारखा रंग धरून ठेवणारा पदार्थ. आपण नकळत तेच करतो. डाग दिसला की कढत पाणी ओततो, नाहीतर ‘उद्या बघू’ म्हणून कपडा खुंटीला टांगतो, आणि डाग पक्का झाल्यावर साबण घासून घासून दमतो. रंगारी करतो त्याच्या उलट करावे. डाग ताजा असतानाच हात लावावा, पहिले पाणी थंड असावे, आणि कोणत्या पदार्थाचा डाग आहे हे ओळखल्यावाचून काहीही चोळू नये. एवढे पाळले तर बहुतेक डागांना तांब्याभर पाणी पुरते.

हळद, कुंकू आणि समईचे तेल

हळदीच्या डागाला साबण लागताच तो लालभडक होतो आणि गृहिणीच्या पोटात धस्स होते. घाबरण्याचे कारण नाही. हळदीतील रंगद्रव्य क्षाराच्या संगतीत तांबडे होते आणि आंबटाच्या संगतीत पुन्हा पिवळे, एवढाच हा खेळ आहे. सौम्य साबणाने डाग हलके धुवावा, खळबळून काढावा आणि कपडा ओला असतानाच उन्हात पसरावा. हळदीचा रंग पाण्यापेक्षा उन्हाला अधिक भितो. दोन-तीन उन्हे दिली की पांढऱ्या सुती कपड्यावरचा डाग विरत जातो. चैत्रात पाणी थोडे असले तरी ऊन मात्र उदंड असते! रंगीत कपडा मात्र फार वेळ उन्हात ठेवू नये. मूळ रंगच उडण्याची भीती असते.

कुंकवाची रीत वेगळी. जुन्या पद्धतीचे कुंकू हळदीला क्षाराची जोड देऊनच होई. त्याचा डाग हळदीप्रमाणेच निघतो. बाजारच्या कुंकवात बहुधा कृत्रिम रंग असतात, आणि ते ओले झाले की पसरतात. म्हणून सांडलेले कुंकू कोरडेच झटकावे, मऊ ब्रशाने उचलावे. ओल्या बोटाने पुसू नये.

समईचे तेल किंवा निरांजनातले तूप सांडले तर प्रथम पाणी लावूच नये. शंखजिऱ्याची पूड किंवा साधी खडूची पूड डागावर पसरून तासभर ठेवावी. ती तेल शोषून घेते. मग झटकून सुती कपड्याला साबण आणि कोमट पाणी लावावे. पंत्यांतील मेण सांडले असेल तर ते घट्ट होऊ द्यावे, खरवडावे, आणि वर-खाली टीपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवावी. उरलेले मेण कागदात उतरते.

कैरी, केळ आणि चहा

कैरीच्या देठाचा चीक राळेसारखा चिकट असतो. त्याला पाणी दाद देत नाही. खोबरेल तेलाच्या बोटाने तो सैल करावा आणि मग तेलासकट साबणाने धुवावा. केळीचा चीक तर अधिकच खट्याळ. लागतो तेव्हा दिसतही नाही; हवा लागली की तो काळा पडतो. पानावर जेवणाची पंगत असली म्हणजे चीक लागल्याक्षणी तेवढाच भाग पाण्याने चोळावा. एकदा काळा झाला की तो सहसा पुरता जात नाही. चहाचा डागही याच जातीचा. ताजा असता थंड पाण्यानेच बराचसा निघतो.

दूध, अंडे किंवा रक्त यांचे डाग कढत पाण्याने शिजतात आणि धाग्यात बसतात. तेथे थंड पाणीच हवे. गाठींचा पाक मात्र नुसत्या कोमट पाण्यात विरघळतो. खिळ्याच्या किंवा पत्र्याच्या बादलीच्या गंजावर लिंबू आणि मीठ लावून पांढरे सुती कापड उन्हात ठेवावे. गंजावर ब्लीचिंग पावडर लावल्यास तो अधिकच पक्का होतो.

भरजरी वस्त्र

गुढीवर चढणारे वस्त्र पुष्कळ घरी लग्नातले असते, आणि तसे दुसरे घेण्याची ऐपत प्रत्येकीला नसते. म्हणूनच तेथे घाई करू नये. रेशमाला आणि लोकरीला ब्लीचिंग पावडर कधीही लावू नये, धागाच कुजतो. जरीवर लिंबू चोळू नये, अत्तर शिंपडू नये. अशा वस्त्रासाठी रिठ्याचे सौम्य पाणी उत्तम. आधी ते आतल्या कोपऱ्यावर लावून रंग उतरतो का ते पाहावे. रिठ्याचा आणखी एक गुण आहे. उन्हाळ्यात विंधणविहिरीचे पाणी पुष्कळदा जड असते. त्यात साबणाचा फेस न होता पांढरट साका धरतो, आणि तो काढण्यास पुन्हा पाणी लागते. रिठा जड पाण्यातही फेस देतो आणि साका धरत नाही.

सतरंजी आणि लाकडी सामान

बायका बसतात ती सतरंजी किंवा गालिचा धुण्याचा खटाटोप टाळता येतो. पन्हे सांडताच कोरड्या फडक्याने दाबून टिपून घ्यावे. डागाच्या कडेकडून मध्याकडे यावे म्हणजे तो पसरत नाही. नंतर ओल्या फडक्याने पुन्हा टिपावे आणि खालून वारा लागेल अशी ती वाळवावी. ओल आत राहिली तर बुरशी धरते आणि काठाचा रंग फुटतो.

टेबलावर गरम पेल्याचे पांढरे वर्तुळ उमटते, ते बहुधा पॉलिशात अडकलेल्या ओलाव्याचे असते. चाळलेली बारीक राख गोडेतेलात कालवून हलक्या हाताने फिरवली की ते जाते. वर्तुळ काळे असेल तर ओल लाकडापर्यंत पोचली असे समजावे; ते काम सुताराचे. लाखेच्या पॉलिशावर स्पिरिट लावू नये, कारण लाख स्पिरिटातच विरघळते.

दोन गोष्टी जिवाच्या

सणाच्या घरात समई-निरांजन तेवत असते. तेथे पेट्रोल किंवा रॉकेल घेऊन डाग काढण्यास बसू नये. वाफेनेही पेट घेतला जातो. दुसरे, ब्लीचिंग पावडर आणि फरशी धुण्याचे ॲसिड कदापि एकत्र करू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद मोरीत प्राणावर बेततो. एखादा डाग राहिला तर राहू द्यावा. कोणतेही वस्त्र घरच्या माणसापेक्षा मोलाचे नाही.

या चैत्रात हळदीकुंकवाला जाल तेव्हा खडूची पूड आणि एक कोरडे फडके घरात हाताशी असू द्या. वेळीच टिपलेल्या डागाने वाचलेली बादली कोणा सुनेची किंवा शाळकरी मुलीची विहिरीवरची एक खेप वाचवते. चैत्रगौरीच्या महिन्यात याहून चांगले वाण ते कोणते द्यायचे?