बेसमेंटमधले खोके आणि रास्त भाव

आपल्या पहिल्या पिढीतली अनेक कुटुंबे आता मोठी घरे विकून लहान घरांत जात आहेत. बेसमेंट रिकामे करताना बऱ्याच घरी मोटारींच्या मॉडेल किटची चळत हाती लागते. काही मुलांनी जमवलेली असतात, तर काही घरातल्या एखाद्या शौकीन इंजिनिअरने दर शनिवारी गराज सेल पालथे घालून आणलेली. मग दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर सगळे खोके जुन्या कपड्यांबरोबर दान केले जातात, नाही तर कोणी इंटरनेटवर तीनशे डॉलर मागितलेले पाहून आपल्यालाही तेवढेच मिळतील असे धरून बसतो. ज्यांचा हा छंद होता ते गृहस्थच हयात नसतील, तर त्यांच्या पत्नीला दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने सांगितलेला आकडा खरा मानावा लागतो. म्हणून ही किंमत कशी ठरते, हे घरातल्या प्रत्येकाला थोडेफार ठाऊक असलेले बरे.

आधी या वस्तूची ओळख करून घेऊ. मोटारीच्या सुमारे पंचविसाव्या भागाएवढ्या आकाराचे प्लॅस्टिकचे सुटे भाग, चकचकीत मुलामा दिलेले बंपर, रबरासारखे टायर, पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रे म्हणजे डिकॅल आणि जोडणीचा कागद, असा हा सगळा ऐवज एका खोक्यात येतो. मिशिगनमधल्या ट्रॉय गावच्या एएमटी कंपनीने १९५८ मध्ये एकच गाडी तीन तऱ्हांनी जोडता येईल अशी किट काढली आणि अमेरिकन मुलांना त्यांचे वेड लागले. त्या काळी अशी किट दीड डॉलरच्या आतबाहेर मिळत. जो-हॅन, एमपीसी, रेव्हेल आणि मोनोग्राम ही या धंद्यातली आणखी ठळक नावे.

वस्तू जितकी जुनी तितकी महाग, असा आपला सर्वसाधारण समज असतो. इथे मात्र वयापेक्षा साचा महत्त्वाचा. डेट्रॉइटच्या मोटारींचे रूप तेव्हा दर वर्षी बदले. त्याबरोबर किट बनवणारेही जुना पोलादी साचा कोरून-भरून त्यातूनच पुढच्या वर्षाची गाडी काढत. साहजिकच आदल्या वर्षाची गाडी त्या साच्यातून पुन्हा निघणे शक्य नसे. अशी एकाच वर्षी विकली गेलेली 'वार्षिक' किट आज दुर्मिळ आहेत. याउलट एएमटीची १९४९ ची मर्क्युरी किंवा १९५७ ची शेव्हरोले घ्या. त्यांचे साचे टिकले आणि ती किट पुनःपुन्हा बाजारात आली. ज्याला गाडी फक्त जोडायची आहे, तो नवे किट घेईल. जुन्या खोक्याला जास्त पैसे देईल तो केवळ संग्राहक. शिवाय अलीकडे राउंड टू ही कंपनी काही जुन्या किटवरून नवे साचेही तयार करते. असे पुनर्मुद्रण निघाले की मूळ किटचा भाव बहुधा उतरतो.

तेव्हा आपल्या हातातले किट मूळ की पुनर्मुद्रित, हे आधी पाहावे. खोक्यावरच्या चित्रावर भरवसा ठेवू नये, कारण जुनी चित्रे नव्या खोक्यांवरही छापतात. त्याऐवजी कडेचा बारीक मजकूर वाचावा. एएमटीच्या खोक्यावर आयोवातले डायर्सव्हिल असेल, तर ते एर्टल कंपनीच्या अमदानीतले, म्हणजे १९८० च्या दशकातले किंवा त्यानंतरचे. इंडियानातले साउथ बेंड असेल, तर ते राउंड टूचे.

यानंतर किटची अवस्था पाहायची. न उघडलेल्या खोक्याला सर्वांत जास्त भाव येतो. पण पारदर्शक वेष्टन चढवायचे यंत्र कोणीही विकत घेऊ शकतो, त्यामुळे जाणकार केवळ वेष्टनावर विसंबत नाहीत. खोके उघडलेले असले तरी भाग पूर्ण असतील तर चांगली किंमत येते. जोडणीच्या कागदावरच्या आकड्यांप्रमाणे एकेक भाग मोजावा. छत किंवा बॉडी वाकलेली नाही ना, तेही पाहावे. जुने टायर वर्षानुवर्षे प्लॅस्टिकला टेकून राहिले तर ते प्लॅस्टिक विरघळून खड्डा पडतो. पुढची काच अशी खराब झाली असेल तर ते लपवू नये. डिकॅल पिवळी पडलेली असतील तर तसे लिहावे. गोंदाने बरबटलेल्या, जोडून झालेल्या गाडीचा भाव बराच खाली येतो. मात्र दुर्मिळ वार्षिक किट असेल, तर सुट्या भागांसाठी तिलाही गिऱ्हाईक मिळते.

आता भाव. ईबेवर 'विकले गेले' अशी निवड केली की प्रत्यक्ष मिळालेल्या किमती दिसतात. विचारात घ्यायच्या त्या याच. मागितलेल्या किमतींना अर्थ नाही, कारण तेच खोके त्याच भावाने महिनोन्‌महिने तिथे पडून असते. १९९० च्या दशकात छापलेली दरपुस्तकेही आता केवळ ओळख पटवण्यापुरती उपयोगी.

हिशोबासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका किटच्या सात विक्री सापडल्या: ३५, ६०, ६८, ७२, ७५, ८० आणि १४० डॉलर. पस्तीसवाल्याचे भाग हरवलेले होते आणि एकशेचाळीसचे खोके न उघडलेले होते, म्हणून ही दोन्ही बाजूला काढू. उरलेल्या पाचांतली मधली किंमत ७२. आपल्या खोक्याचा एक कोपरा फाटला आहे, म्हणून ६५ धरू. ईबेचे शुल्क टपालखर्चावरही लागते, म्हणून त्याचे दहा डॉलर आणि पुठ्ठा-टेपचे दोन-तीन डॉलर वजा केले की हातात बावन्न-त्रेपन्न पडतात. म्हणजे मॉडेलवाल्यांच्या स्वॅप मीटमध्ये कोणी रोख पंचावन्न देत असेल, तर आपले काहीच जात नाही आणि घेणाऱ्याचेही दहा डॉलर वाचतात. स्वस्त, सहज मिळणाऱ्या किटच्या बाबतीत मात्र एकेक खोके टपालाने पाठवणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ती दहा-दहाच्या गठ्ठ्याने विकावीत.

व्यापारी सगळा संग्रह निम्म्या भावाने मागतो, म्हणून त्याला लबाड ठरवू नये. छाननी, फोटो, पत्रव्यवहार आणि न खपलेला माल हे सगळे तोच सांभाळतो. पण त्याला 'हो' म्हणण्याआधी यादी करावी आणि दुर्मिळ दहा-वीस खोके वेगळे काढावेत. बहुतेक संग्रहांत अर्धीअधिक किंमत एवढ्याच खोक्यांत असते.

'आणखी थांबलो तर भाव चढेल' ही आशाही तपासून पाहावी. माणूस आपल्या बाळपणीच्या गाड्या जमवतो. १९६० साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज पंचाहत्तरीत आहे आणि तोही आपल्यासारखाच बेसमेंट आवरतो आहे.

हाच नियम आपण घेणारे असतानाही पाळावा. शेजारच्या आजीबाईंनी गराज सेलमध्ये दुर्मिळ किटवर पाच डॉलरची चिठ्ठी लावली असेल, तर त्याची खरी किंमत त्यांना सांगावी. आपल्याला जे ठाऊक आहे ते समोरच्यालाही ठाऊक असताना दोघांना पटेल, तोच रास्त भाव. घरात असा संग्रह असेल तर छंद असलेल्या माणसाने आजच प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी टाकून ठेवावी: किट मूळ की पुनर्मुद्रित, भाग पूर्ण आहेत की नाहीत, आणि अंदाजे किंमत किती. उद्या ते खोके विकायची वेळ बायकामुलांवर आली, तर निदान भावासाठी त्यांना परक्याच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही.