मतदारसंघ कोणीं आंखावे?

निवडणूक म्हटली म्हणजे प्रचारसभा, मतपेटी आणि निकालाची रात्र हींच चित्रें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु या सर्वांच्या पुष्कळ आधीं, गाजावाजा न होतां, एक काम उरकून गेलेलें असतें. तें म्हणजे नकाशावर रेघा ओढून मतदारसंघ पाडण्याचें. कोणत्या गांवानें कोणत्या गांवाच्या जोडीनें मत द्यावयाचें हें या रेघा ठरवितात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागा आहेत. दर दहा वर्षांनीं शिरगणती झाली कीं त्यांची राज्याराज्यांत वांटणी होते, आणि मग प्रत्येक राज्यानें आपले मतदारसंघ नव्यानें आंखावयाचे. हें काम बहुतेक राज्यांत विधिमंडळाकडे, म्हणजे तेथें बहुमतांत असलेल्या पक्षाकडेच असतें. ज्याची परीक्षा घ्यावयाची त्याच्याच हातीं प्रश्नपत्रिका काढण्याचें काम सोंपवावें, तसाच हा प्रकार. आम्हीं उभा जन्म शाळेंत काढिला आहे. अशा परीक्षेंत कोणी नापास झाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

या युक्तीस इंग्रजींत ‘जेरीमँडरिंग’ म्हणतात. शब्दाची व्युत्पत्ति मोठी मौजेची आहे. १८१२ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्याचे राज्यपाल एल्ब्रिज गेरी हे होते. गृहस्थ सामान्य नव्हते. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे. त्यांच्या पक्षानें राज्याच्या वरिष्ठ सभागृहासाठीं अशी आंखणी केली कीं विरुद्ध बाजूच्या फेडरलिस्ट पक्षाचें बळ ठिकठिकाणीं मोडून जावें. आणि गेरींनीं त्या कायद्यावर सही केली. एसेक्स परगण्यांतला एक मतदारसंघ तर इतका वांकडातिकडा झाला कीं बोस्टनच्या एका वर्तमानपत्रानें त्याच्या नकाशास पंख आणि नख्या काढून त्याचा एक अक्राळविक्राळ प्राणी बनविला. सॅलॅमँडर नांवाचा पालीसारखा दिसणारा एक जलस्थलचर प्राणी असतो. त्याच्या नांवाची शेपटी गेरींच्या नांवास जोडली गेली आणि ‘गेरीमँडर’ हा शब्द जन्मास आला. एकाचें डोकें आणि दुसऱ्याचें धड घेऊन केलेला हा समास पाणिनीच्या कोणत्याहि सूत्रांत बसावयाचा नाहीं, पण त्या प्राण्याच्या रूपास तो शोभतो खरा. (राज्यपालांच्या नांवांतला ‘गे’ पुढें लोकांच्या तोंडीं ‘जे’ झाला.)

निकाल काय लागला तेंहि पाहण्यासारखें आहे. फेडरलिस्टांस राज्यभर ५१,७६६ मतें पडलीं, गेरींच्या पक्षास ५०,१६४. जागा मात्र ४० पैकीं २९ गेरींच्या पक्षास! त्याच वर्षीं राज्यपालपदाच्या निवडणुकींत स्वतः गेरी पराभूत झाले. कारण उघड आहे. त्या निवडणुकींत सारें राज्य हाच एक मतदारसंघ. तेथें रेघ ओढावयास जागाच नव्हती.

आतां हें गणित फळ्यावर मांडून पाहूं. एका गांवांत ५० मतदार आहेत. ३० सूर्यपक्षाचे आणि २० चंद्रपक्षाचे. त्यांचे दहा-दहांचे पांच मतदारसंघ पाडावयाचे. प्रत्येकांत सहा सूर्यवाले आणि चार चंद्रवाले घातले, तर पांचहि जागा सूर्यपक्षाच्या. उलट आंखणी चंद्रपक्षाच्या हातीं असेल, तर तो दोन मतदारसंघांत नऊ-नऊ सूर्यवाले कोंडील आणि त्या दोन जागा प्रतिपक्षास आनंदानें देऊन टाकील. उरले बारा सूर्यवाले. ते राहिलेल्या तीन मतदारसंघांत चार-चार असे विखुरले कीं तेथें चंद्रपक्षाचे सहा-सहा होतात, आणि पांचांपैकीं तीन जागा २० मतांच्या पक्षास मिळतात! कोंडणें आणि विखुरणें, एवढ्या दोनच युक्त्यांत या साऱ्या विद्येचें सार आहे. मतपत्रिका कोणी चोरली नाहीं, मोजणींत लबाडी झाली नाहीं, मतदारांस कोणी धमकाविलें नाहीं. म्हणूनच हा अन्याय सामान्य माणसाच्या नजरेंत भरत नाहीं.

एके काळीं लोकसंख्येची विषमता हाच मोठा दोष होता. जॉर्जिया राज्यांत एका मतदारसंघांत ८,२३,६८० लोक, तर दुसऱ्यांत २,७२,१५४. प्रतिनिधि मात्र दोहोंस एकेकच. १९६४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हें चालणार नाहीं असें ठरविलें आणि मतदारसंघ समसमान करणें भाग पडलें. पण डोकीं सारखीं मोजून दिलीं म्हणजे न्याय झाला असें नाहीं. वरच्या उदाहरणांत पांचहि मतदारसंघ दहा-दहांचेच होते. शिवाय आतां संगणक आला. कोणत्या आळीचा कल कोणीकडे हें पूर्वीं जुन्या कार्यकर्त्यांस अंदाजानें ठाऊक असे. आतां तें यंत्रास तपशिलासह ठाऊक असतें.

याचें ठळक उदाहरण नॉर्थ कॅरोलायना राज्याचें. २०१६ सालीं तेथील विधिमंडळांतले रिपब्लिकन नेते डेव्हिड लुइस यांनीं भर समितींत सांगितलें कीं आपण दहा रिपब्लिकन आणि तीन डेमोक्रॅट निवडून येतील असा नकाशा सुचवीत आहों, कारण अकरा आणि दोन असा नकाशा काढणें शक्य दिसत नाहीं. इतकें उघड बोलण्याचेंहि कारण होतें. आधींची आंखणी वंशभेदावर केल्याचा ठपका न्यायालयानें नुकताच ठेविला होता. तेव्हां आम्ही वंश पाहत नाहीं, पक्ष पाहतों, असें म्हणणें कायद्याच्या दृष्टीनें सोयीचें होतें. निवडणूक झाली, आणि शेंकडा ५३ मतांवर त्यांच्या पक्षानें १३ पैकीं १० जागा घेतल्या. हा रोग एकाच पक्षाचा, अशी मात्र कोणी समजूत करून घेऊं नये. मेरीलँड राज्यांत डेमोक्रॅटांनीं २०११ सालीं सहाव्या मतदारसंघाची अशी उलथापालथ केली कीं तेथले नोंदलेले रिपब्लिकन मतदार सुमारें ६६,००० नीं घटले आणि डेमोक्रॅट २४,००० नीं वाढले. दोन दशकें तेथून निवडून येणारे रिपब्लिकन प्रतिनिधि पुढच्याच वर्षीं पडले.

हे दोन्ही खटले एकत्रच सर्वोच्च न्यायालयापुढें आले. २७ जून २०१९ रोजीं पांच विरुद्ध चार अशा मतांनीं निर्णय झाला. मुख्य न्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनीं अशी आंखणी न्याय्य आहे असें म्हटलें नाहीं. उलट लोकशाहीच्या तत्त्वांशीं ती विसंगत असल्याचें त्यांनींहि मान्य केलें. परंतु किती पक्षपात म्हणजे अति झाला हें मोजण्याचें माप न्यायालयापाशीं नाहीं, म्हणून संघराज्याच्या न्यायालयांनीं यांत पडूं नये, असा त्यांचा अभिप्राय पडला.

या म्हणण्यांत तथ्यांश आहे. मॅसॅच्युसेट्समध्यें रिपब्लिकनांस सुमारें तिसरा हिस्सा मतें पडतात, पण १९९४ नंतर तेथून त्यांचा एकहि उमेदवार प्रतिनिधिगृहांत निवडून आलेला नाहीं. तेथें वांकड्या रेघांची गरजच लागत नाहीं. तीं मतें राज्यभर इतकीं सारखीं पसरलेलीं आहेत कीं सरळ मनानें आंखलें तरी त्यांच्या वांट्यास जागा येणें कठीण. म्हणजे मतांच्या प्रमाणांत जागा मिळाल्या नाहींत एवढ्यावरून कोणास चोर ठरवितां येत नाहीं, आणि नकाशा दिसावयास बेढब आहे एवढ्यावरूनहि नाहीं. परंतु मापच नाहीं, हें आम्हांस पटत नाहीं. नॉर्थ कॅरोलायनाच्या खटल्यांत एका तज्ज्ञानें पक्षहित तेवढें वगळून, राज्याचे बाकीचे सर्व नियम पाळून, संगणकाकडून ३,००० नकाशे काढविले. प्रत्येक नकाशांत डेमोक्रॅटांस प्रत्यक्षापेक्षां निदान एक तरी जागा अधिक मिळत होती! तीन हजारांत एकहि अपवाद नसेल, तर योगायोगाची सबब कोणत्या तोंडानें सांगावी? विरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्ति एलेना केगन यांनीं हाच पुरावा पुढें केला, आणि आमच्या मतें त्यांची बाजू अधिक सबळ आहे.

दोघां भावांत एक वडी वांटावयाची झाली तर एकानें ती कापावी आणि दुसऱ्यानें आधीं उचलावी, हा न्याय घरोघरच्या मुलांसहि ठाऊक आहे. त्याच जातीचे उपाय अमेरिकेंतहि कांहीं राज्यांनीं केले. आयोवा राज्यांत १९८० च्या कायद्यानें नकाशा पक्षनिरपेक्ष कर्मचारी काढतात. कोणाची कोठें किती मतें आणि कोणता प्रतिनिधि कोठें राहतो हें पाहण्याची त्यांस मनाई आहे. कॅलिफोर्नियानें १४ नागरिकांचा आयोग नेमिला: दोन्ही मोठ्या पक्षांचे पांच-पांच, आणि या दोहोंत नसलेले चार. आपल्याकडे २००२ च्या कायद्यानें नेमलेल्या पुनर्रचना आयोगावर सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष होते; खासदार-आमदार सहयोगी म्हणून बसत, पण त्यांस मताचा अधिकार नव्हता. ही व्यवस्था निर्दोष नसेल, तथापि लेखणी उमेदवाराच्या हातीं नाहीं हें थोडें नव्हे.

अशा स्थितींत २०२५ सालीं जें घडलें तें खेदजनक आहे. शिरगणतीस अजून पांच वर्षें अवकाश असतां, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या आग्रहावरून टेक्सस राज्यानें ऑगस्टमध्यें नवा नकाशा मंजूर केला. हेतु हा कीं रिपब्लिकनांस आणखी पांच जागा मिळाव्या. त्यास उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं ४ नोव्हेंबर २०२५ रोजीं, ज्या आयोगाचा त्यांस एवढा अभिमान, त्याचाच नकाशा २०३० पर्यंतच्या निवडणुकांपुरता बाजूस ठेविला आणि डेमोक्रॅटांस अनुकूल असा दुसरा स्वीकारिला. शेजाऱ्यानें बांध कोरला म्हणून आपणहि कोरावा, असा हा व्यवहार. कॅलिफोर्नियाची अडचण आम्हांस समजते. एकट्यानेंच नियम पाळावे तर देशाच्या सभागृहांत आपलाच पक्ष दुबळा होतो. पण या चढाओढींत टेक्ससचा डेमोक्रॅट आणि कॅलिफोर्नियाचा रिपब्लिकन, या दोघांहि साध्या मतदारांचें मत हलकें झालें, आणि त्यांची बाजू घेण्यास कोणी उरलें नाहीं.

इंडियाना राज्यांतहि तसाच आग्रह झाला. तेथील नऊ जागांपैकीं सात रिपब्लिकनांकडे होत्याच; उरलेल्या दोनहि घेतां येतील असा नकाशा राज्याच्या वरिष्ठ सभागृहापुढें आला. पन्नास सभासदांच्या त्या सभागृहांत चाळीस रिपब्लिकन होते. ११ डिसेंबर २०२५ रोजीं मतें घेतलीं, तेव्हां नकाशाच्या बाजूनें १९ आणि विरुद्ध ३१ पडलीं. त्या एकतीसांत एकवीस रिपब्लिकन होते.