पहाटेची टकटक आणि ऑइलचा जाडपणा

हिवाळ्यात बदलापूरचा पारा काही पहाटे 12 अंशांच्या आसपास उतरतो. अशा वेळी माल भरायला निघालेला टेम्पो सुरू होताच इंजिनातून टकटक ऐकू येते. कोणीतरी सल्ला देतो, "जाड ऑइल टाका, आवाज दबेल." उल्हासनगर, अंबरनाथच्या टेम्पोमालकांनी हा सल्ला मानण्यापूर्वी थोडा विचार करावा.

रात्रभरात ऑइल खाली चेंबरमध्ये उतरते आणि गार होऊन घट्ट होते. सकाळी ते पंपाने वर टॅपेटपर्यंत चढायला काही सेकंद लागतात. तेवढा वेळ धातू धातूवर वाजतो आणि झिजतोही. ऑइल जितके जाड, तितका हा वेळ अधिक.

डब्यावर 20 डब्ल्यू 40, 15 डब्ल्यू 40 असे आकडे असतात. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. त्याआधीचा आकडा लहान, तर ऑइल गारठ्यात लवकर वाहते. नंतरचा आकडा 100 अंशांवरील जाडी सांगतो. म्हणजे इंजिन तापल्यावर ही दोन्ही ऑइले एकाच वर्गातली. फरक पडतो तो पहाटे. मात्र गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडबाहेर जाऊ नये.

गाडी सुरू होताच रेस देऊ नका. अर्धा मिनिट स्लोवर ठेवा, पहिले एक-दोन किलोमीटर सावकाश चालवा. ऑइलची पातळी पट्टीवर तपासत जा. काही सेकंदांत थांबणाऱ्या आवाजाने घाबरू नये. डिझेल इंजिन गारठ्यात थोडे खडखडतेच. पण तापल्यावरही टकटक राहिली, तर मिस्त्रीला दाखवावे. जाड ऑइल आवाज झाकते, झालेली झीज भरून काढत नाही.