ळ ओंजळीतला

गेल्या दिवाळीत मुलगा-सून दिल्लीहून आली होती. सहा वर्षांची नात फराळाच्या ताटापाशी बसून मला म्हणाली, "आजोबा, केलं पाहिजे."

काय केले पाहिजे, ते मला कळेना. चकल्या झाल्या होत्या, कंदील लागला होता. मग तिने टोपलीतल्या केळ्यांकडे बोट दाखवले, आणि उलगडा झाला. पोरीला केळे हवे होते!

"काय करणार बाबा," सून म्हणाली, "शाळेत सगळं हिंदी नि इंग्रजी. तिच्या जिभेवर ळ बसतच नाही."

तीस वर्षे मी चित्रकलेचा मास्तर होतो. हात अजून कापत नाही. मी मनाशी ठरवले, नातीसाठी आपल्या हाताने चित्रांची अंकलिपी करायची, आणि अशी करायची की अक्षरांबरोबर तिला महाराष्ट्रही कळावा.

आमच्या लहानपणीची अंकलिपी वाचकांना आठवत असेल. अ अननसाचा, ब बदकाचा, भ भटजीचा. तो अननस मी प्रत्यक्ष पाहिला अकरावीला असताना! मूळ दक्षिण अमेरिकेतले हे फळ पोर्तुगीजांनी इकडे आणले, आणि आमच्या पहिल्याच अक्षरावर येऊन ते ठाण मांडून बसले. मी अननसाला हलवले. अ अजिंठ्याचा केला. पुढे त तोरण्याचा, प प्रतापगडाचा, र रायगडाचा, व विशाळगडाचा, स सिंधुदुर्गाचा, ज जंजिऱ्याचा. भ भवानी तलवारीचा. संक्रांतीपर्यंत वही भरत आली. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

वही मी प्रथम दाखवली ती माझ्या जुन्या मित्राला. हे गृहस्थ उभा जन्म छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे जुळवता जुळवता त्यांची नजर अशी तयार झाली आहे की अक्षराचा पाय घसरला तर त्यांना दुरून दिसते. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिलीच चूक दाखवली.

"मास्तर, हा ल हिंदीतला. आपला पाकळीचा. श सुद्धा आपला देठाचा. २००९ साली सरकारनंच तसा निर्णय काढला आहे."

मी निमूटपणे मान डोलावली. त्याच निर्णयाने ॲ आणि ऑ हे दोन स्वर वर्णमालेत आले, तेही माझ्या वहीत नव्हते. मित्र पाने उलटत राहिले. जंजिऱ्यापाशी हसले. "हा तर मराठ्यांच्या हाती कधी आलाच नाही!" मग शेवटचे पान मिटून काही वेळ गप्प बसले.

"चित्रं झकास आहेत," ते हळूच म्हणाले. "पण मास्तर, ही अंकलिपी की किल्लेदाराची यादी? माझाही नातू सहा वर्षांचाच आहे. यात त्याचा पणजोबा कुठं सापडेल, सांगता?"

त्यांचे वडील महाडजवळच्या खेड्यातले. १९२७ सालच्या २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून चवदार तळ्याकडे जी माणसे चालत गेली, त्यांत ते होते. वय वर्षे सतरा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ सालीच झाला होता. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केले होते, पण कागदावर! त्या पाण्यात हात घालायला माणसांना चालत जावे लागले, वर मारही खावा लागला. मग तळ्याचा खटला चालला, आणि हायकोर्टाचा अखेरचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. तोवर मित्राच्या वडिलांचे लग्नही होऊन गेले होते.

हे सारे मला ठाऊक नव्हते असे नाही. शाळेत दर वर्षी भाषणे ऐकली होती. पण ज्या माणसाबरोबर चाळीस वर्षे चहा प्यालो, त्याचा बाप त्या तळ्यावर होता, हे मी कधी विचारले नव्हते. वही घेऊन मी घरी आलो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी नवी वही घेतली. या खेपेस आम्ही दोघे बसलो. रायगड ठेवला, कारण १६७४ सालच्या राज्याभिषेकावाचून महाराष्ट्राची अंकलिपी कशी होणार? बाकीच्या गडांनी जागा करून दिली. भ भिडेवाड्याचा झाला, जिथे १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. ठ ठाण्याचा, कारण १८५३ साली बोरीबंदराहून निघालेली आगगाडी तिथे पोचली. झ झाडीपट्टीचा, कारण सुगी उरकली की चंद्रपूर-गडचिरोलीकडे रात्रभर नाटके रंगतात. ऑ ऑगस्टचा, १९४२ सालच्या गवालिया टँकचा. ॲने मात्र दोन दिवस छळले. शेवटी तो आम्ही ॲल्युमिनियमच्या डब्यात घालून मुंबईच्या डबेवाल्याच्या डोक्यावर दिला! ग तेवढा गणपतीचाच राहिला. त्याला हलवायची आमची दोघांचीही छाती झाली नाही.

उरले ण आणि ळ. या अक्षरांनी आपल्याकडे शब्दच सुरू होत नाही, म्हणून अंकलिपीत ती 'बाणातला' आणि 'बाळातला' अशी मागच्या दाराने येतात. बाणाऐवजी मी गिरणी काढली: उंच धुराडे, आणि खाली भोंग्याला धावणारी माणसे. १९८२ सालच्या संपानंतर ती धुराडी एकेक थंड झाली. नातीला आता ती चित्रातच दिसायची.

ळ साठी मी तळे काढायला घेतले. कागदावर नुसते निळे पाणी दिसू लागले. चार कागद फुकट गेले. मित्र समोर बसून पाहत होते. ते उठले, तांब्यातले पाणी दोन्ही हातांत घेतले आणि माझ्यासमोर धरले.

"हे काढा," म्हणाले. "वडील एवढंच सांगायचे. ओंजळभर पाणी, आणि ते गोड लागलं."

छापखान्याच्या शाईने त्या बोटांच्या रेषा कायमच्या काळ्या झाल्या आहेत. त्या मी तशाच काढल्या. तीस वर्षांत पोरांना हात काढायला शिकवले, पण हात पाहायला मी त्या दिवशी शिकलो. शेजारी अक्षर घातले ते मित्रांनी, स्वतःच्या वळणाने: ळ ओंजळीतला.

वहीच्या दोन प्रती काढल्या. एक मित्राच्या नातवाला दिली, दुसरी श्रावणात दिल्लीला धाडली. परवा फोनच्या पडद्यावर नात दिसली. शेवटचे पान उघडे होते, आणि इकडे मित्र माझ्या शेजारी बसले होते.

"ओंजल," ती म्हणाली.

"जीभ मागं वळव बघू," मी म्हणालो.

तिने दोन-तीनदा खटपट केली. ळ अर्धामुर्धा निघाला. मग तिने वही बाजूला ठेवली, दोन्ही हात जोडून चित्रातल्यासारखी ओंजळ केली आणि विचारले, "आजोबा, हे हात कुणाचे आहेत?"

मी फोन मित्राच्या हातात दिला.